नाण्या-नोटांवरून देशाची ओळख कशी वाचायची?

प्रश्न असा आहे: घरच्या जुन्या पेटीत तांब्याच्या शिवराया, राणीछाप रुपये, भोकाचे पैसे, चारमिनारची नाणी, नवे पैसे आणि अलीकडच्या नोटा असं बरंच काही निघालं आहे. त्यातून शाळेत एक छोटं प्रदर्शन मांडायचं आहे, विषय 'चलनातून दिसणारी देशाची ओळख'. काय निवडावं, प्रत्येकावर नेमकं काय बघावं आणि कुठे चुकतं?

पहिली सूचना, चित्रांपासून सुरुवात करू नका. वाघ, मोर, गेंडा, धरण अशी रांग लावली की मुलं दोन मिनिटांत पुढे सरकतात. चलन काढणारी सत्ता दरवेळी काही निर्णय घेते: नाव कोणाचं घालायचं, लिपी कोणती, साल कोणत्या कालगणनेचं, आधीच्यांचं काय ठेवायचं आणि काय पुसायचं. ओळख या निर्णयांत सापडते. म्हणून सुटी नाणी न मांडता जोड्या मांडा, एक बदलाच्या आधीचं आणि एक नंतरचं. जमलं तर दोन्हींचं मूल्य एकच असू द्या, म्हणजे फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मांडणीआधी प्रत्येक नाण्याची नोंद करा. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत, व्यास कॅलिपरने, चुंबकाला चिकटतं की नाही, कड गुळगुळीत की दातेरी, दोन्ही बाजूंचा मजकूर जसाच्या तसा आणि टांकसाळीची खूण. भिंग दहा पटींचं पुरतं. झिजलेला मजकूर वाचायला दिवा वरून न धरता अगदी बाजूने, नाण्याला जवळजवळ समांतर धरा. जी अक्षरं दिसतच नव्हती ती सावलीमुळे उठून येतात.

जुन्या सत्तेचं नाव पुसून स्वतःचं ठसवणं म्हणजे काय, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा आपल्याकडेच, नाशिक जिल्ह्यात मिळाला. १९०६ मध्ये जोगळटेंभी इथे क्षत्रप (शक राजा) नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून जास्त नाण्यांचा. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या मूळ नाण्यावर पुढे त्याचा चेहरा आणि ग्रीक अक्षरं, मागे बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी मजकूर. सातकर्णीच्या लोकांनी चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर आणि राजाचं नाव ठोकलं, मागच्या बाजूवर उज्जैनचं चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेली फुली). चांदी तीच, वजन तेच, पण घेणाऱ्याच्या हातात पडलं ते नव्या राजाचं नाणं. कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचं नाक किंवा केसांची रेघ अजून डोकावते. अस्सल नाणं मिळणं सोपं नाही, पण एक मोठा फोटो लावून बाणांनी दोन्ही थर दाखवले तर प्रदर्शनाचा सगळा विषय तिथेच समजतो.

आता तुमच्या पेटीतल्या शिवराया. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती', भोवती ठिपक्यांची कड. आजूबाजूच्या दरबारांची नाणी फारसी लिपीत होती, त्या काळात हा मजकूर नागरीत आहे. चित्र काहीच नाही. इथे एक जोडी छान जमते: शिवराई आणि भारत सरकारने १९९९ मध्ये काढलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं. राजाने स्वतःच्या नाण्यावर फक्त नाव घातलं, चेहरा घातला तो तीनशेहून अधिक वर्षांनी प्रजासत्ताकाने.

मात्र पेटीतली शिवराई महाराजांच्या हयातीतली आहे असं लिहू नका. ती तशी नसण्याचीच शक्यता जास्त. त्याच मजकुराच्या शिवराया पेशवाईअखेरपर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही पाडल्या जात होत्या. मधोमध दोन समांतर रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई ही उशिराची. शिवाय ठसा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नाण्यावर एखादं अक्षर तुटलेलं असतं. तुटलेलं अक्षर हा बनावटपणाचा पुरावा नाही. उलट सगळी अक्षरं पूर्ण, कडा गुळगुळीत आणि रंग एकसारखा काळपट असेल तर जास्त शंका घ्या.

इथे एक गोष्ट मुलांना गोंधळात टाकते. अठराव्या शतकात मराठ्यांची सत्ता उत्तरेपर्यंत पोचली, तरी त्यांचे चांदीचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसीतच पडत राहिले. पुण्याच्या अंकुशी रुपयावर शाह आलमचं नाव आहे आणि कोपऱ्यात अंकुशाची छोटी खूण. यामागे व्यवहार होता. रुपया हातोहात चालायचा असेल तर शराफाने, म्हणजे नाणी पारखून बदलून देणाऱ्याने, तो ओळखला पाहिजे. अनोळखी नाण्याला तो बट्टा लावणार, म्हणजे दर्शनी किमतीतून कापून घेणार. म्हणून मोठ्या व्यापाराच्या चांदीच्या नाण्यावर सर्वमान्य नाव आणि खाली सत्तेची खूण, आणि रोजच्या बाजारातल्या तांब्यावर मात्र छत्रपतींचं नाव. हे दोन्ही शेजारी ठेवा. ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत हेच केलं. बंगालमधला तिचा रुपया शाह आलमच्या नावाचा आणि त्यावर राज्यारोहणाचं १९ वं वर्ष. ते वर्ष उलटून दशकं गेली तरी आकडा तोच ठेवला, कारण वर्ष बदललं की जुन्या रुपयाला बट्टा लागायचा.

१८३५ च्या कायद्याने सगळ्या कंपनी मुलखाला एकच रुपया आला: १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. बादशहाचं नाव गेलं, चौथ्या विल्यमचा चेहरा आला. तुमच्याकडचे राणीछाप रुपये नीट बघा. १८६२ ते १८७६ च्या नाण्यांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' आहे, १८७७ पासून 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. मुकुट तोच, पदवी बदलली. ही जोडी स्वस्तात आणि सहज मिळते आणि वसाहतीबद्दल धड्यापेक्षा जास्त सांगते. सालाबद्दल सावध राहा. '१८६२' कोरलेले रुपये पुढे दहा-अकरा वर्षं तसेच पाडले जात होते, म्हणून फलकावर 'साल १८६२' असं ठाम न लिहिता 'नाण्यावरील साल १८६२' असं लिहा.

नक्षीतली एक बारीक चूक केवढी महागात पडते याचं उदाहरण १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरच्या पदकमाळेत एक हत्ती कोरला होता. नाण्यावर तो तांदळाएवढा. सोंड इतकी आखूड उठली की लोकांना तो डुक्कर वाटला. धार्मिक भावना दुखावणार हे दिसताच बरीचशी नाणी मागे घेऊन वितळवली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट दिसेल असा ठसा केला. या रुपयाला आजही संग्राहक डुक्कर रुपयाच म्हणतात. १९११ आणि १९१२ चे रुपये मिळाले तर भिंगासकट शेजारी ठेवा, मुलं तिथून हलणार नाहीत.

भाषेकडेही याच काळापासून लक्ष द्या. सातवा एडवर्ड आणि पंचम जॉर्ज यांच्या काळातला निकेलचा आणा पाहिला तर 'एक आणा' हे इंग्रजीशिवाय नागरी, उर्दू, बंगाली आणि तेलुगू अशा चार लिप्यांत आहे. इंग्रज सरकारला आपली रयत किती भाषांची आहे हे या एवढ्याशा नाण्यावर मान्य करावं लागलं होतं. त्या आण्याची कड नागमोडी आहे, दोन आण्यांची चवली चौकोनी, हीही वाचता न येणाऱ्यांची सोय. भोकाचा पैसा १९४३ ते ४७ चा, युद्धात धातू वाचवण्यासाठी मधला भाग काढून टाकलेला. त्याच युद्धाची दुसरी खूण रुपयात आहे: १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया शुद्ध निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो. चिकटला म्हणून खोटा समजून फेकू नका, पण १९३९ आधीचा 'चांदीचा' रुपया चिकटला तर तो नक्की खोटा.

मराठवाड्यातल्या घरांत चारमिनारची नाणी हमखास निघतात, कारण तो भाग हैदराबाद संस्थानात होता. त्यांची गंमत दरवाजात आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक अरबी अक्षर असतं: 'मीम' असेल तर निजाम महबूब अली खान, 'ऐन' असेल तर निजाम उस्मान अली खान. साल हिजरी. ढोबळ इसवी सन काढायला हिजरी सालाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३४३ चे १९२४-२५ होतात. बडोद्याच्या गायकवाडांच्या नाण्यांवर मजकूर नागरीत आणि साल विक्रम संवत असतं, त्यातून ५७ वजा करा. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, पण निजामाचा हाली रुपया काही वर्षं भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालत राहिला, सात हालीला सहा भारतीय या दराने. राज्य एका आठवड्यात बदललं, खिशातला पैसा बदलायला त्यानंतर कित्येक वर्षं लागली.

हीच गोष्ट देशपातळीवर १९४७ ते १९५० मध्ये दिसते आणि माझ्या मते प्रदर्शनाचा गाभा हाच असावा. १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा बदलला, चलन बदललं नाही. सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याच्या नोटा चालूच होत्या आणि त्यांतल्या अनेकांवर सही होती रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. एकाच कागदावर इंग्रज राजा आणि रायगड जिल्ह्यातला मराठी माणूस. पाकिस्तानचं चलनही ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. त्यासाठी याच नोटांवर इंग्रजी आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असा मजकूर छापला गेला. तशी नोट मिळाली तर फाळणीवर वेगळा फलक लावायची गरज नाही.

राजाच्या जागी काय आणायचं यावर विचार झाला होता. नोटेसाठी आधी गांधीजींच्या चेहऱ्याचे नमुने तयार झाले, पण अखेर पसंती मिळाली सारनाथच्या सिंहशीर्षाला. १९४९ ची १ रुपयाची नोट त्या नव्या रचनेची पहिली. नाण्यांवर बदल आला १५ ऑगस्ट १९५० ला: राजाच्या चेहऱ्याच्या जागी सिंहशीर्ष आणि रुपयाच्या मागच्या बाजूला १९४७ च्या वाघाऐवजी धान्याच्या दोन लोंब्या. आण्यांवर बैल, पैशावर घोडा. १९४७ चा वाघाचा रुपया आणि १९५० चा लोंब्यांचा रुपया, दोन्ही निकेलचे, दोन्ही हातात सारखेच लागतात. हीच तुमची मुख्य जोडी. शिकारीचा राजेशाही प्राणी गेला आणि अन्नाची चिंता असलेल्या देशाने पीक आणलं.

त्या १९५० च्या रुपयावर आणखी दोन गोष्टी बघा. उर्दू गेली, नागरी आणि इंग्रजी राहिल्या. आणि सिंहांभोवती मजकूर आहे इंग्रजीत, 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया'. १९५७ च्या नव्या पैशावर तो बदलून 'भारत' आणि 'इंडिया' झाला. सरकारचं नाव गेलं, देशाचं आलं. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मी ते मुद्दाम फलकावर लिहायला सांगेन. नोटांवरही १९५३ मध्ये हिंदी ठळक झाली. तेव्हा अनेकवचन 'रुपया' की 'रुपये' असा वाद झाला आणि तो 'रुपये'च्या बाजूने सुटला.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी १६ आणे, ६४ पैसे. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून नाण्यावरच लिहिलं: 'रुपये का सौवाँ भाग, नया पैसा'. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे, म्हणजे सुटे कधीच बरोबर येत नाहीत. पावलीचे २५ आणि अधेलीचे ५० एवढेच हिशेब सरळ बसले, आणि म्हणूनच 'चार आणे, आठ आणे' बोलण्यात टिकले, बाकीचे गेले. 'नया' हा शब्द १९६४ मध्ये काढला. त्याच सुमारास छोटी नाणी ॲल्युमिनियमची झाली. नाण्यातला धातू दर्शनी किमतीपेक्षा महाग झाला की नाणी वितळायला जातात, ही त्यामागची भीती. चौकोनी १ पैसा, षटकोनी ३ पैसे, नागमोडी १० पैसे: मुलांना हाताळायला ही नाणी द्या, बाकीची नको.

सत्तरच्या दशकातली नाणी म्हणजे सरकारी घोषणांची भिंत. 'सब के लिए अन्न', 'अधिक अन्न उगाओ', आई-बाप आणि मुलांच्या चित्रासह 'नियोजित परिवार'. त्यांतली बरीचशी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेतून आली. १९९२ पासूनच्या अकरा कोनांच्या २ रुपयांवर देशाचा नकाशा, ध्वज आणि राष्ट्रीय एकात्मता. नेहरूंचं १९६४ चं नाणं हे स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं. महाराष्ट्राच्या मांडणीत आंबेडकर (१९९०, १ रुपया), ज्ञानेश्वर (१९९९, १ रुपया), तुकाराम (२००२, २ रुपये) आणि टिळक (२००७, ५ रुपये) घेता येतील. ही चारही रोजच्या व्यवहारात फिरलेली नाणी आहेत. १०० किंवा १५० रुपयांची चकचकीत नाणी फक्त संग्राहकांच्या संचासाठी निघतात, बाजारात कधीच येत नाहीत. दोन्ही एका रांगेत ठेवू नका, नाहीतर 'लोकांच्या हातातली ओळख' हा मुद्दाच सुटतो.

चिन्ह फसतं कसं हे बघायचं तर २००५-०६ च्या सुमाराची १, २ आणि १० रुपयांची नाणी घ्या. चार रेघांचा छेद आणि चार ठिपके. सांगितलेला अर्थ 'विविधतेत एकता', म्हणजे चार माथी, एक शरीर. अनेकांना त्यात क्रूस दिसला, वाद झाला आणि १ व २ रुपयांवर त्या जागी २००७ पासून हस्तमुद्रा आल्या: १ रुपयावर वर केलेला अंगठा, २ रुपयांवर दोन बोटं, आणि पुढे ५० पैशांवर मूठ. मला ही कल्पना सगळ्या पोलादी नाण्यांत हुशार वाटते, कारण नृत्याची परंपरा आणि निरक्षराची सोय एकाच चित्रात साधली. पण पोलाद कठीण, त्यावर नक्षी उथळ उठते, आणि १ व २ रुपयांची नाणी आकाराने इतकी जवळ होती की अंधारात बोटं काही उपयोगाची नव्हती. २०११ मध्ये ₹ चिन्हासह नवी मालिका आली आणि ३० जून २०११ पासून २५ पैसे व त्याखालची नाणी बंद झाली. आताचं बारा कोनांचं २७ मिलिमीटरचं २० रुपयांचं नाणं मात्र डोळे मिटूनही ओळखता येतं, आणि त्यावर पुन्हा धान्यच आहे.

टांकसाळीची खूण सालाखाली शोधा. चौकट (पत्त्यांतल्यासारखी) म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' हे इंग्रजी अक्षर दिसेल. तेव्हा नाणी कमी पडली म्हणून बर्मिंगहॅमसह परदेशी टांकसाळींतून पाडून घेतली होती.

नोटांकडे येऊ. आधी एक भेद स्पष्ट करा: नाणी भारत सरकार काढतं, नोटा रिझर्व्ह बँक. फक्त १ रुपयाची नोट सरकारची. तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, 'धारकाला अदा करण्याचं वचन' नसतं, आणि कायद्याच्या व्याख्येत ती नाण्यांतच मोडते. त्यामुळे तिच्यावर रुपयाच्या नाण्याचं चित्रही आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या नोटांच्या मागच्या बाजू कालक्रमाने लावल्या की देशाचा स्वतःबद्दलचा समज कसा सरकला ते दिसतं. १९७५ ते ८० च्या आसपास: १०० वर हिराकूड धरण, १ वर सागर सम्राट हे तेलविहिरीचं जहाज, २ वर आर्यभट्ट उपग्रह, ५ वर ट्रॅक्टर. बांधणारा, खोदणारा, पेरणारा देश. १९९६ च्या महात्मा गांधी मालिकेत १० वर गेंडा, हत्ती, वाघ आणि १०० वर कांचनजुंगा. २०१६ नंतर वारसा: १० वर कोणार्क, २० वर वेरूळ, ५० वर हंपीचा रथ, १०० वर राणी की वाव, २०० वर सांची, ५०० वर लाल किल्ला. २००० च्या नोटेवरचं मंगळयान तेवढं जुन्या विज्ञानाच्या परंपरेतलं. सत्तरच्या दशकात नाण्यांवर असलेल्या घोषणा नोटेवर परत आल्या, गांधीजींच्या चष्म्याचं स्वच्छ भारत चिन्ह बघा. देवनागरी अंकही याच मालिकेत आले. संविधानाच्या ३४३ व्या कलमात मात्र संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप सांगितलं आहे, त्यामुळे यावर न्यायालयातही प्रश्न उपस्थित झाला. नववी-दहावीची मुलं असतील तर यावर चर्चा घ्या.

बारकाईने बघायचं तर ५० रुपयांची जुनी नोट घ्या. सुरुवातीच्या छपाईत संसद भवनावर ध्वजाची काठी आहे, ध्वज नाही. नंतरच्या छपाईत तो आला.

गांधीजींचा चेहरा १९९६ पासून सगळ्या मालिकेवर आला त्याला तांत्रिक कारणही आहे. निर्जीव चिन्हात रेघ हलली तर कळत नाही, ओळखीच्या चेहऱ्यात जराशी चूक लगेच खटकते. हे चित्र १९४६ मध्ये दिल्लीत ब्रिटिश मंत्री पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर घेतलेल्या फोटोतून कापून घेतलेलं आहे, स्टुडिओत बसवून काढलेलं नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे नोटेच्या मागचा भाषांचा पट्टा. त्यात १५ भाषा आहेत, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने: आसामीपासून उर्दूपर्यंत. हिंदी आणि इंग्रजी बाहेर ठळक, म्हणजे एकूण १७. मुलांना भिंग देऊन मराठी ओळ शोधायला लावा. ती पटकन सापडत नाही, कारण कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत चौघींची लिपी देवनागरी. पूर्वी पट्ट्यात १३ होत्या, कोकणी आणि नेपाळी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत आल्यावर इथेही आल्या. पण त्याच १९९२ च्या दुरुस्तीतली मणिपुरी आली नाही. आज अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांतल्या सिंधी, मणिपुरी, मैथिली, संताली, बोडो आणि डोगरी नोटेवर नाहीत. कोण आहे हे सगळेच सांगतात, कोण नाही याचा वेगळा फलक करा. याच्या शेजारी युरोची नोट ठेवली तर उत्तम: त्यावरचे पूल आणि खिडक्या काल्पनिक आहेत, कुठल्याही एका देशाला झुकतं माप नको म्हणून. (पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकनिस गावाने तेच पूल खरे बांधून टाकले!) युरोने भांडण टाळायला कुणालाच घेतलं नाही, भारताने जमेल तेवढ्यांना घेतलं आणि जागा संपली.

आता काय बिघडतं ते. नाणी घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट काहीही नको. तांब्याचा काळा-तपकिरी थर हा नाण्याचं संरक्षण आहे, तो गेला की बारीक अक्षरंही जातात आणि परत येत नाहीत. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपून घ्या, एवढंच. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिक पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकट द्रव सुटतो, त्याऐवजी पॉलिस्टरची पाकिटं घ्या. नोटांना चिकटपट्टी, स्टेपल, लॅमिनेशन काही नको. प्रकाश मंद, ५० लक्सच्या आसपास, आणि खिडकीचं ऊन अजिबात नको.

खोटी नाणी प्रदर्शनात सर्रास येतात. राम दरबार किंवा हनुमान आणि खाली 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेली नाणी कंपनीने कधी काढलेली नाहीत. ती अलीकडची स्मृतिचिन्हं आहेत, त्यांना लाखांची किंमत सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. राम-सीतेचं खरं नाणं हवं असेल तर ते अकबराचं आहे, राज्याच्या ५० व्या वर्षातलं, नागरीत 'राम सीय' लिहिलेलं. त्याचा फोटो लावा. उलट चूकही होते: १० रुपयांची नाणी खोटी म्हणून दुकानदार नाकारत होते, तेव्हा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की १४ वेगवेगळ्या रचना आहेत आणि सगळ्या वैध आहेत. एका नाण्यावर इतके स्मारक प्रसंग घातले की लोक खरं नाणंच ओळखेनासे झाले.

कायद्याचं थोडं. २०१६ मध्ये रद्द झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा एका व्यक्तीकडे मिळून १० पर्यंतच ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. जमिनीत सापडलेली जुनी नाणी असतील तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरील नाणी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. फलकासाठी नोटेची छायाप्रत काढताना खऱ्या आकाराची आणि दोन्ही बाजूंची काढू नका, नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हाही गुन्हा आहे. एकच बाजू घ्या, दुप्पट-तिप्पट मोठी करा आणि आडवं 'नमुना' असं ठळक छापा. भाषांच्या पट्ट्याची प्रत तर आठ-दहा पट मोठी लागेल, नाहीतर काश्मिरी आणि उर्दूच्या ओळींतला फरक मागच्या रांगेतून दिसत नाही.